कोण आलं?

तो खरं तर समोरच्या दुकानात निघाला होता. पण त्या दुकानाचं शटर खाली होतं, धुकं रस्त्यावर उतरलं होतं आणि त्याच्या हातांत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं... म्हणून तो माझ्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर टेकला. मी दार उघडलं.

"आत तरी या. दुरुस्तीला आणलंय, की कुठून पळवून?"

"दुरुस्तीला," तो गंभीरपणे म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

चादरीत जुना कॉम्प्युटर होता. त्याच्या ताईचा. ताई वर्षापूर्वी आजारपणात गेली होती. आता तो तिच्याच घरात राहायचा आणि तिच्याच टेबलावर पुस्तकं बांधायचा. नखांत वाळलेला डिंक दिसत होता. घरातली नेटची वायर उंदरांनी कुरतडून टाकली होती. त्याने नवा राउटर बसवला, पण हा म्हातारा कॉम्प्युटर राउटरशी बोलायला तयार नव्हता. बाइंडरसाहेबांनी खिशातून बोटाच्या पेराएवढं वायफाय अडॅप्टर काढून माझ्या हातावर ठेवलं. कुठल्या तरी भलत्याच कंपनीचं.

"नवा कॉम्प्युटर का नाही घेत?"

"चालू करून बघा... कळेल."

तो गेल्यावर मी बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा उजळला आणि एक बाई म्हणाली, "थांब रे, उठतेय."

माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर पडला. दुकानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. काचेबाहेर नुसतं पांढरं. मी जरा वेळाने, श्वास रोखून, अडॅप्टर लावलं.

"कोण आलं?" तोच आवाज. अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा.

मी ते उपसून काढलं.

"गेलं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला तेव्हा मी कमरेवर हात ठेवूनच उभी होते.

"ताईने कॉम्प्युटरचे सगळे इशारे स्वतःच्या आवाजात भरलेत," तो खाली बघत म्हणाला. "सांगायला हवं होतं मी."

"हवंच होतं. मला काही झालं असतं म्हणजे?"

"मग... मी रोज बघायला आलो असतो."

"आणि आता?"

त्याने नुसती चादरीची घडी केली. पण रोज आला.

काम मात्र हट्टी निघालं. अडॅप्टरसोबतची सीडी वाचली जाईना. खोक्यावर एक नाव, आतली चिप दुसऱ्याच कुणाची. त्या चिपचा नंबर काढून मी जुने जुने ड्रायव्हर शोधत बसले. ड्रायव्हरने ओळख करून दिल्याशिवाय कॉम्प्युटर अडॅप्टरला घरात घेत नाही. एक ड्रायव्हर टाकायचा, अडॅप्टर लावायचं. कोण आलं? काही नाही. काढायचं. गेलं? मला त्या आवाजाची सवय व्हायला लागली, आणि तेच जास्त भीतिदायक होतं. कारण तो आवाज मी आधी कुठेतरी ऐकला होता... प्रत्यक्ष.

चौथ्या दिवशी अडॅप्टरचा हिरवा दिवा लागला. पडद्यावर आसपासच्या नेटवर्कांची यादी आली. माझ्या दुकानाचंही नाव त्यात होतं. एक क्लिक केलं असतं की काम संपलं असतं.

मी ते क्लिक केलं नाही. तो आला तेव्हा म्हटलं, "अजून थोडं राहिलंय."

"सावकाश करा," तो म्हणाला, आणि इतकं खुशीत म्हणाला की मला मान वर करवेना.

हे तीन दिवस चाललं. मग माझं मनच मला खायला लागलं आणि रविवारी सकाळी मी कॉम्प्युटर घेऊन त्याच्या घरी गेले. तिसरा मजला. खोलीभर कागदाचा आणि डिंकाचा वास. राउटरची नवी कडक सुरक्षा जुन्या कॉम्प्युटरला झेपत नव्हती. मी ती एक पायरी खाली आणली. आतला सेल संपल्यामुळे यंत्राचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं, ते आजच्या तारखेवर आणलं. मग पासवर्ड टाकला.

जोडलं गेलं.

आम्ही दोघं हसलो आणि तेवढ्यात मेलचा प्रोग्रॅम आपोआप उघडला. 'पाठवत आहे. दोनपैकी पहिली.'

"तुम्ही काही पाठवताय?" मी विचारलं.

"मी हातसुद्धा लावला नाही."

दुसरी गेली. माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. मेल दुकानाच्या पत्त्यावर होती. पाठवणारीचं नाव वाचून त्याने खुर्चीची पाठ धरली. तारीख गेल्या वर्षाची.

मी हळू आवाजात वाचलं. "तुमच्याकडे एकदा माउस घ्यायला आले होते. मला धाप लागली तेव्हा तुम्ही पाणी दिलंत. घरचं नेट मधूनच येतं, मधूनच जातं. आलं की ही मेल जाईल. बिनतारी काहीतरी बसवून द्याल का? मला आता जिने उतरवत नाहीत. भावाला पाठवते. तो कमी बोलतो. त्याच्याशी तुम्हीच बोला."

ती दारात उभी राहून दम घेणारी बाई मला आठवली.

"तिने मला कधीच नाही पाठवलं," तो म्हणाला. "त्याच आठवड्यात ती... आणि मी तर समोरच्या दुकानात चाललो होतो."

मला वाटलं, आता खोटं ठेवून चालणार नाही.

"अडॅप्टर तीन दिवसांपूर्वीच चालू झालं होतं. मी सांगितलं नाही. तुम्ही यायचे थांबाल म्हणून—"

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याचे ओठ हलले, आणि त्याचा फोन वाजला.

त्याची आई. दूरच्या गावी राहणारी. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अरे, ताईची मेल आलीय मला. ताईची. मला काही कळत नाहीये... तू एकटा आहेस का रे तिथे?"

"नाही आई," तो म्हणाला. माझ्यावरची नजर त्याने काढली नाही. "एकटा नाही. आता नसेन, असं वाटतंय. कॉम्प्युटर दुरुस्त करणारी आहे इथे, तिच्याकडे फोन देऊ? ती नीट समजावून सांगेल."

त्याने फोन पुढे केला. त्याची बोटं थंडगार होती; मी फोनसकट ती धरली. आउटबॉक्समध्ये वर्षभर अडकलेली मेल आज कशी सुटली, हे रडणाऱ्या बाईला कसं समजवायचं, याची मनात जुळवाजुळव केली. 'काकू' म्हणून सुरुवात करायची, असं ठरवलं.

"आई," मी म्हटलं.

पलीकडचं रडणं थांबलं.

मग त्यांनी नाक ओढलं आणि विचारलं, "जेवलात का गं तुम्ही दोघं?"