वजनकाट्यावरचे एकावन्न किलो

एका मंगळवारी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ओबेत बॅटरी आणायला निघाला, तिथून हे सुरू झालं. सासरे चुलीत रताळी उलटत सांगत होते. मी बाळाला छातीशी धरून ऐकत होते, शेजारी दोन्ही दीर. बाळाला पंधरा दिवस खोकला आहे. उद्या सकाळच्या विमानानं त्याला वामेना शहरातल्या इस्पितळात न्यायचंय.

"ओबेत म्हणजे धावपट्टीवरचं गवत कापायचा तो," सासरे म्हणाले. "माझ्याबरोबरच वाढला. त्याला खोटं बोलता यायचंच नाही."

चर्चमध्ये दिव्याला बॅटरी हवी होती, ती विमानाशी बोलायच्या रेडिओच्या झोपडीत असायची. पण आधी योसिनाचं ऐका, ते म्हणाले.

आपली वारा दाखवणारी कापडी पिशवी दरीकडच्या टोकाला आहे. वरून ती उंचवट्याआड जाते, वैमानिकाला दिसत नाही. म्हणून रेडिओवाल्यानं उंचवट्यावर जाऊन बघायचं आणि सांगायचं. त्याच्या शब्दावर विमान उतरतं, त्याच्याच शब्दावर उडतं. त्या दिवशी पिशवी ताठ उभी राहून दोन्हीकडे फटके मारत होती. ओबेतनं गवत कापताना बघितलं. रेडिओवाल्या एलिपासनंही बघितलं. तरी तो बोलला, "शांत." विमानात त्याच्या नव्या घराचे पत्रे होते. खरं सांगितलं असतं तर विमान वरूनच परत गेलं असतं.

पत्रे उतरले. परतीला एलिपासचीच सख्खी धाकटी बहीण योसिना, पाठीवरच्या जाळीच्या झोळीत तीन महिन्यांचं पोर. विमानात चढायच्या आधी वजनकाट्यावर दोघं मिळून एकावन्न किलो.

"दादा, वारा कसा आहे रे?"

"चढ गं, भित्रट! मी बघितलाय ना."

चाकं उचलली तेवढ्यात झोत आला. एक पंख वर गेला आणि विमान दरीत पडलं. वैमानिक तेवढा वाचला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "मला शांत सांगितलं होतं." एलिपासनं सगळ्या गावापुढे कानांवर हात ठेवले. ओबेत खाली बघत उभा राहिला.

महिना झाला. त्या मंगळवारी ओबेत झोपडीत शिरला तेव्हा एलिपास विडी ओढत बसला होता.

"काय रे, चर्चला उजेड हवाय की तुला अंधाराची भीती वाटते?"

"तू ये की प्रार्थनेला. नव्या पत्र्याखाली झोप लागत नाही म्हणतात तुला."

एलिपास हसला नाही. ओबेतनं रेडिओच्या तारा सोडवल्या, बॅटरी कडेवर घेतली.

रेडिओ खरखरला.

बॅटरी ओबेतच्या कडेवर होती.

"दादा..."

एलिपासच्या हातची विडी पडली.

"दादा... वारा कसा आहे रे?"

मागे पोर रडत होतं. बारीक आवाजात. बाहेर पान हलत नव्हतं.

"सांग ना..."

ओबेत म्हणाला, "सांग तिला. आता तरी खरं सांग."

एलिपासचे ओठ हलले. एकदा. दोनदा...

"शांत," तो म्हणाला.

खरखर थांबली. पोरही थांबलं. मग बाहेर वजनकाटा करकरला. कुणीतरी चढल्यासारखा.

ओबेतनं टॉर्च मारला. काट्यावर कुणी नव्हतं. सुई एकावन्नावर.

...

सासऱ्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. एक रताळं जळलं, कुणी उचललं नाही. तो काटा अजून झोपडीमागे पडलाय. स्प्रिंग दोनदा बदलली. सुई तिथेच आहे. मी परवा स्वतः बघून आले.

"बाबा, उद्या रेडिओवर कोण आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "एलिपासच. दुसऱ्या कुणाला येतो चालवायला?"

बाळ खोकलं. मी पहाटेच उंचवट्यावर जाऊन उभी राहणार आहे. पिशवी ताठ असली तर चढणार नाही, मग विमान परत गेलं तरी चालेल. बायांनो, हे वरच्या तिन्ही गावांत पोचवा. पोर घेऊन काट्यावर चढायच्या आधी पिशवी आपल्या डोळ्यांनी बघा. सख्खा भाऊ "शांत" म्हणाला तरी बघा.