पांढऱ्या पट्टीची गाठ

मैंदर्गीच्या अलीकडच्या एका गावात दातांचं शिबिर होतं. सोलापूरहून आलेली डॉक्टर पोरं दिवसभर शाळेत लोकांची तोंडं तपासून दमली होती. रात्री शाळेच्या ओट्यावर जेवणं उरकली, तेव्हा दिग्विजय हसत म्हणाला, "आज एका आजीनं दाढ काढूच दिली नाही. म्हणे, अवस झाल्यावर या. दाढ काय पंचांग बघून दुखते?"

सिद्धप्पाकाका भिंतीला टेकून तंबाखू मळत होते. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, आता घरीच असतात. त्यांचा अंगठा थांबला.

"हसू नगा डॉक्टर. आमच्या शिवानंदाचं ऐका मग. त्याच्याच जीपमधनं तुमी सकाळी आलात की."

"तो आरशाला पांढरी पट्टी लटकवलेला ड्रायव्हर? मी विचारलं त्याला, नवस आहे का म्हणून. बोललाच नाही."

"न्हायच बोलनार," काका म्हणाले. शिबिरातली दुसरी डॉक्टर समरा पाय पोटाशी घेऊन जवळ सरकली, आणि काका सांगू लागले.

शिवानंद वडापची जीप चालवतो, वाटेत मिळतील ती माणसं भरून. रस्त्यात कुणी हात केला की त्याचा पाय आपसूक ब्रेकवर जातो. जीपमध्ये मुंगीला जागा नसली तरी तो थांबतो. हात केलेल्या माणसाला टाकून जायचं नाही, हे त्याला बापानं स्टिअरिंगसोबतच शिकवलं.

पिंकी त्याची धाकटी बहीण. बारावीला होती. शनिवारी तिची अक्कलदाढ ठणकायला लागली. रविवारी गाल सुजला. सोमवारी ती म्हणाली, "दादा, सोलापूरला जाऊ की."

आई बजाबाई आडवी आली. "बुधवारी अवस हाय. अवस सरल्याबिगर दाताला लोखंड लावायचं न्हाय. रगत थांबत न्हाय." तिनं मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून गालाला लावली आणि वरून ओढणी बांधली. हनुवटीखालून घेऊन टाळूवर गाठ, करकचून. शिवानंदनं आईचं ऐकलं. दाढच तर होती. दाढेनं कोण मरतंय?

बुधवार उजाडला. पौषातली अवस, मागल्या जानेवारीतली. तोवर सूज गालावरून हनुवटीखाली उतरली होती, दगडासारखी टणक. तोंडात बोट जाईना. थुंकी गिळवेना. बोलायला गेली की तोबरा भरल्यागत नुसता आवाज. रात्री साडेदहाला तिनं मोबाईलवर तीन शब्द लिहून भावासमोर धरले. दादा आत्ता चल.

शिवानंदाच्या बायकोचे दिवस भरले होते. अवसेच्या रात्री तिला एकटी सोडायची नाही म्हणून बजाबाई घरी राहिली. शिवानंदनं बहिणीला मधल्या सीटवर आडवी निजवली, डोक्याखाली उशी दिली, अंगावर चादर टाकली. बरोबर दहा पन्नासला जीप निघाली.

गावाबाहेर एसटीची जुनी शेड आहे. शेडपुढे एक बाई उभी होती. तिनं हात केला, आणि पाय ब्रेकवर गेला.

तिच्या चेहऱ्याभोवती पांढरी पट्टी होती. हनुवटीखालून वर, टाळूवर गाठ. हिचीबी दाढच, शिवानंदला वाटलं.

"दवाखान्यात का मावशी?"

बाईनं मान हलवली.

"बसा. पोरीकडं जरा ध्यान ठिवा."

ती पिंकीच्या उशाशी बसली. जीपमध्ये लवंगेचा वास पसरला.

अक्कलकोटात एका दवाखान्यासमोर त्यानं बराच वेळ शटर बडवलं. वरच्या खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "दाताचे डॉक्टर शुक्रवारी येत्यात. सोलापूरला न्या." खिडकी मिटली. शिवानंदनं जीप तशीच पुढं काढली.

वळसंगच्या अलीकडं त्यानं आरशात पाहिलं. बाईनं पिंकीला उठवून बसवलं होतं, पुढं वाकवून. पिंकीची लाळ खाली गळत होती. आणि बाईची बोटं ओढणीच्या गाठीवर होती.

"ओ मावशी, गाठ सोडू नगा. शेक सुटंल."

बोटं चालूच होती.

समोरून ट्रक आला. त्याचा उजेड आरशात भरला. शिवानंदला तिचा चेहरा नीट दिसला. मिटलेले ओठ. आणि नाकात… कापसाचे बोळे.

दुखऱ्या दाढेची पट्टी नव्हती ती. मेलेल्या माणसाची हनुवटी बांधतात… तशी होती.

जीप करकचून थांबली. त्यानं उतरून मधलं दार उघडलं.

"उ… उतर!"

बाई उतरली. शांतपणे. रस्त्याकडेला उभी राहून तिनं पिंकीकडं बोट दाखवलं. मग दोन्ही तळवे वर उचलले. पुन्हा उचलले. पुन्हा.

त्याला काही कळलं नाही.

त्यानं पिंकीला परत आडवी केली. सैल झालेली गाठ ओढून घट्ट केली. पिंकीनं त्याचं मनगट धरलं. डोळे मोठे. मान हलवत होती… नको, नको. "घाबरू नगं, गेली ती," तो म्हणाला. मनगट सोडवून घेतलं. निघाला.

पुढच्या वळणावर बाई उभी होती. हात केलेला.

पाय ब्रेकवर गेला नाही. जन्मात पहिल्यांदा.

पुलापाशी पुन्हा. हात केलेला.

मागं घरघर चालली होती. घर्र… घर्र…

मग थांबली.

झोपली वाटतं. बरं झालं… त्याला वाटलं.

सोलापुरात मोठ्या दवाखान्याच्या दारात पोचला तेव्हा बारा पंचवीस झाले होते. तिथल्या तरुण डॉक्टरनं आधी कात्रीनं ओढणी कापली. मग छाती दाबली. बराच वेळ दाबली. मग घाम पुसत विचारलं, "हिला आडवं कुणी झोपवलं? जीभ मागं पडली, गळा आतून सुजलेला. बसवून आणायचं होतं हो. आणि वरून हे बांधलंत?"

शिवानंद आपल्या मनगटाकडं बघत उभा राहिला.

काकांनी तळहातावरची तंबाखू पुन्हा मळायला घेतली. समरा हलकेच म्हणाली, "पुढं वाकवून बसवायचं… आम्हाला हेच शिकवतात. ती बाई तेच सांगत होती…"

"सोमवारी आणली असती तर पुवाचा निचरा करून दोन-चार दिवसांत घरी गेली असती," दिग्विजय बोलला. आता तो हसत नव्हता.

"पोरगीबी सोमवारीच म्हनली व्हती की," काका म्हणाले. "मग नर्सबाईनं शिवानंदाला सांगितलं, हनुवटी बांधायला कापड आना. तो खाली जीपकडं गेला. मधल्या सीटवर, उशीपाशी, ही पट्टी पडलेली. न सोडलेली. गाठ तशीच, मधी डोक्याएवढं गोल. जनू डोकं त्यातनं अलगद निघून गेलंय."

"कुणाची होती ती?" समरानं विचारलं.

काकांनी मैदानात उभ्या जीपकडं पाहिलं. काचेआड आरशाला काहीतरी पांढरं लटकत होतं.

"दगडाबाईची. सोळा वर्सं झाली. दाढ सुजली, गळा भरला, त्याच शेडमधी रातभर गाडीची वाट बघत गेली. हात करायची, पर कुनी थांबलं न्हाय. सकाळी मला बोलावलं. दवाखान्यातली पट्टी घिऊन मीच हनुवटी बांधली. माझी गाठ निराळी असती डॉक्टर. दोन फेरे, आन् टोक आत दडवायचं. शिवानंदानं पट्टी आनून दाखवली तवा मी बॅटरी लावून बघितली."

"आणि?"

"माझीच गाठ."

काकांनी तंबाखू तशीच झटकून टाकली.

"दगडाबाईला त्या पट्टीसकट सरनावर ठिवली व्हती. पट्टी जळताना मी सोता बघितली हाय."