दोन पदरांची काच

इब्राहिम मिस्त्रीला काचेचं वेड आहे असं चिंचवडमध्ये सगळे म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी तो त्याच्या गाडीच्या काचेकडे बघायचा. स्टेशनच्या रस्त्याला, एका थोराड चिंचेखाली त्याची पत्र्याची शेड होती. मोटारींच्या काचा बसवणं एवढाच त्याचा धंदा, आणि त्या काळात इथं मोटारी तरी किती! पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता, बाकी सगळी ज्वारीची रानं आणि बाभळी. तरी त्याला काम पुरायचं. लष्कराच्या लिलावातल्या जुन्या लॉऱ्या आसपासच्या बऱ्याच जणांनी घेतल्या होत्या, आणि खडीच्या रस्त्यावर त्यांच्या काचा हटकून तडकायच्या.

छप्पन साली, चैत्रातल्या एका सकाळी, अशीच एक लॉरी शेडपुढे येऊन थांबली. तिच्या समोरच्या काचेचे दोन भाग होते, डावा आणि उजवा, मध्ये लोखंडी पट्टी. डावी काच जागेवर होती. उजवीकडे, चालवणाऱ्याच्या तोंडासमोर, नुसती रिकामी चौकट. डोक्याला फडकं बांधलेला, धुळीनं पांढरा झालेला एक तरुण खाली उतरला. पलीकडून उतरली गोजाबाई.

इब्राहिमनं आधी लॉरी ओळखली, मग बाईला ओळखलं. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"वरीस झालं, मिस्त्री," गोजाबाई म्हणाली. "वर्षश्राद्ध उरकलं. आता गाडी काढायची. ह्यो माझा भाऊ, सयाजी. ह्यो चालवील."

"या वहिनी, बसा," इब्राहिम म्हणाला.

लॉरी ज्योतीरामची होती. ज्योतीराम चाकणचा, गोजाबाईचा नवरा, आणि इब्राहिमचा जिवाभावाचा दोस्त. चाकणचा कांदा पुण्याला पोचवायचा हे त्याचं काम. अंगाला कांद्याचा आणि चुना-तंबाखूचा वास, उजव्या हातात पोलादी अंगठी, आणि तोंडात कायम कुणाची तरी टिंगल. आपल्या लॉरीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. काच बसवतानाही तो स्वतः बॉनेटवर चढायचा.

काच बसवणं हे दोन माणसांचं काम. काचेच्या कडेनं रबर चढवायचं, रबराच्या खाचेत सुतळी भरायची, साबणाचं पाणी लावायचं आणि काच बाहेरून चौकटीत टेकवायची. मग एकानं आत बसून सुतळी हळूहळू ओढायची. सुतळी निघेल तसतसा रबराचा काठ चौकटीवर चढत जातो. पण त्याच वेळी बाहेरच्यानं दोन्ही तळव्यांनी काच दाबून धरायला हवी. कमी दाबली तर काठ चढत नाही आणि जास्त दाबली तर काच जाते. बाहेरच्याचं आत नीट ऐकू येत नाही, म्हणून ज्योतीरामनं खूण ठरवली होती. अंगठी काचेवर एकदा वाजली की ओढ, दोनदा वाजली की थांब. ही खूण त्या दोघांचीच होती.

गेल्या वर्षी ऐन कांद्यात ज्योतीरामची उजवी काच खड्यानं फुटली. गाडीला काच दोन पदरांची लागते. दोन पातळ काचा, आणि त्यांच्यामध्ये दोन्हींना धरून ठेवणारा चिवट, पारदर्शक थर. कडेनं पाहिलं की मधली रेघ दिसते. ही काच फुटली तरी जागच्या जागी जाळं धरून राहते, अंगावर येत नाही. ती मुंबईहून मागवावी लागे. इब्राहिम म्हणाला, आठ दिवस थांब. ज्योतीराम हसला. म्हणाला, "आठ दिसांत कांद्याला कोंब येतील, मिस्त्री. खिडकीची साधी काच हाय ना तुझ्याकडं? काचच ती! बसव. परत येताना बघू."

आणि इब्राहिमनं बसवली. दोस्ताचा शब्द मोडवला नाही. एका कपाटासाठी कापून ठेवलेली काच त्यानं मापाला आणली, आणि दोघांनी हसतखेळत ती चौकटीत बसवली. तिसऱ्या दिवशी मोशीच्या पुलाजवळ लॉरीसमोर बैल आला. ज्योतीरामनं करकचून ब्रेक दाबला. बैल वाचला. काच मात्र सुरीसारखी लांब लांब फुटून आत आली.

लोकांनी बैलाला दोष दिला. काचेबद्दल कुणी विचारलं नाही, आणि इब्राहिमनं सांगितलं नाही. लॉरीच्या सीटवरचे तुकडे त्यानं स्वतः वेचले होते. वर्षभर त्याला जेवण गोड लागलं नव्हतं.

आता सयाजी बॉनेटला टेकून उभा होता. म्हणाला, "चाचा, साधीच बसवा की. कांदा पडून हाय. परत येताना बघू."

तेच शब्द! इब्राहिमच्या अंगावर सरसरून काटा आला.

"नाही!" तो एवढ्यानं ओरडला की चिंचेवरचे कावळे उडाले. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. "नाही, बेटा. आठ दिवस थांब. मी स्वतः जाऊन आणतो. आणि तोवर ही गाडी इथून हलायची नाही."

गोजाबाई त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

इब्राहिम मुंबईला गेला. तीन दिवस दुकानं पालथी घातली. डाव्या काचेचा पुठ्ठ्याचा फर्मा आणि गेल्या वर्षी खड्यानं फुटलेल्या उजव्या काचेचा जपून ठेवलेला एक कोपरा त्यानं बरोबर नेला होता. नवी काच कडेनं धरून तो कोपऱ्याशी ताडून बघायचा. जाडी तीच हवी, हिरवट झाक तीच हवी, मधली रेघ तीच हवी. दुकानदार वैतागले. शेवटी एका गुदामात हवी तशी काच मिळाली. वाटेत चरे पडू नयेत म्हणून तिथल्या माणसानं तिच्या बाहेरच्या अंगाला खळीनं पिवळा कागद चिकटवून दिला. येताना इब्राहिमनं तिला तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेतली होती.

नवव्या दिवशी बहीणभाऊ आले. ऊन रणरणत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि चिंचेचं पानही हलत नव्हतं. गोजाबाई सावलीत, लॉरीकडे तोंड करून बसली. इब्राहिम आणि सयाजीनं काच चौकटीत टेकवली आणि खाली लाकडाच्या चिपा लावल्या. कागद तसाच राहू दिला, नंतर काढता येईल म्हणून. साबणाचं पाणी मात्र उन्हानं आटलं होतं.

"विहिरीवरून बादली भरून आण," इब्राहिम सयाजीला म्हणाला. "मग वर चढ आणि दोन्ही हातांनी दाबून धर. मी आत बसतो."

सयाजी शेडमागे गेला. इब्राहिम आत चढला, दार लावलं आणि सुतळीची टोकं हाताला गुंडाळून बसला. आत भट्टीसारखं उकडत होतं. तापलेल्या रबराचा वास नाकात बसला होता. समोर काचेवरचा कागद उन्हानं पिवळाजर्द उजळला होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं.

थोड्या वेळानं कागदावर दोन तळव्यांच्या सावल्या उमटल्या. काच चौकटीत घट्ट बसली.

आला वाटतं पोरगा, इब्राहिमच्या मनात आलं. आणि मग वाटलं, लॉरी हलली कशी नाही? बॉनेटवर माणूस चढला की या लॉरीच्या स्प्रिंगा कुरकुरतात. आता आवाज नव्हता. नुसती शांतता.

टक.

काचेवर लोखंड वाजलं. एकदाच.

इब्राहिमचे हात आपोआप सुतळी ओढू लागले. वीतभर सुतळी निघाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं... सयाजीला त्यानं खूण सांगितलीच नव्हती.

त्याचे हात थांबले. घाम मानेवरच गार झाला. आणि रबराच्या वासातून दुसरा एक वास हळूहळू वर आला, कच्च्या कांद्याचा... आणि चुना-तंबाखूचा.

पळून जावं असं त्याला वाटलं नाही. भीती होती, पण त्याहून मोठं काहीतरी वर्षभर छातीत अडकलं होतं.

"ज्योती..." तो पुटपुटला. "ती काच साधी होती. मला ठाऊक होतं, ती कशी फुटते ते. तू हसलास, आणि मला नाही म्हणवलं नाही... माफ कर, भावा."

पलीकडे काही हललं नाही. तळवे होते तिथेच होते.

टक.

ओढ.

इब्राहिमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यानं सुतळी ओढली. जिथं सुतळी, तिथं तळवे सरकत होते. खालची बाजू झाली, डावी झाली, वरची झाली, उजवी झाली. साबणाचं पाणी नसतानाही रबराचा काठ लोण्यासारखा चढत गेला. अशी काच त्यानं उभ्या आयुष्यात बसवली नव्हती. सुतळीचं शेवटचं टोक हातात आलं.

टक... टक.

सावल्या गेल्या.

इब्राहिम खाली उतरला तेव्हा सयाजी शेडमागून भरली बादली हिंदकळत येत होता. "रहाट अडकला व्हता, चाचा," तो म्हणाला, आणि काचेकडे बघून थबकला. "बसवलीत बी? येकट्यानं?"

इब्राहिमनं चिंचेखाली पाहिलं. गोजाबाई उठून उभी राहिली होती. पदर तोंडाशी गच्च धरला होता.

"वहिनी... बॉनेटवर कोण होतं?"

"कुनी दिसलं न्हाई," ती म्हणाली. "पर अंगठी वाजली. रातीला दमून आलं की आमच्या कडीवर अशीच वाजायची." तिनं पदराची गाठ सोडली. आत पोलादी अंगठी होती. "ही तर माझ्यापाशी हाय, मिस्त्री."

इब्राहिम तिच्यापुढे खाली बसला. आत जे बोलला ते तिच्यासमोर सगळं बोलला. काच कपाटाची होती, चूक आपली होती, आणि वर्षभर आपण गप्प राहिलो.

सयाजीच्या हातातल्या बादलीतून पाणी टिपटिप गळत होतं.

"मला ठावं हाय," गोजाबाई म्हणाली. "काच बसवली त्याच रातीला हसत सांगितलं व्हतं त्येंनी. मिस्त्री नको म्हनत व्हता, म्या हट्टानं बसवून घेतली म्हनले. लई राग धरला म्या तुमचा. तुमचं नाव काढलं तरी जीव जळायचा."

"मग माझ्याच दारात का आलात, वहिनी?"

"माझा येकच भाऊ हाय, मिस्त्री. ह्यानं घाई केली तर दुसरा कुनीबी साधी काच बसवील. तुमी जल्मात न्हाई बसवनार."

तिनंच मग बादलीत फडकं भिजवलं आणि इब्राहिमच्या हातात दिलं.

त्यानं कागद भिजवून सोलून काढला. नवी काच झळाळत होती, डावीसारखीच, तसूभर फरक नाही. फक्त चालवणाऱ्याच्या समोर खालच्या बाजूला दोन तळव्यांचे धुरकट ठसे होते. एका हाताच्या अनामिकेच्या मुळाशी आडवी रेघ होती, अंगठीची. इब्राहिमनं फडकं मारलं. ठसे गेले नाहीत. सयाजीनं आतून पुसलं. तरी गेले नाहीत. इब्राहिमनं बाहेरून नख लावून पाहिलं, मग आतून. दोन्हीकडून काच गुळगुळीत होती. ठसे दोन पदरांच्या मधे होते, जिथं कुणाचा हात पोचणं शक्य नव्हतं.

गोजाबाई मडगार्डवर पाय देऊन चढली आणि आपले दोन्ही तळवे त्या ठशांवर ठेवून उभी राहिली. चैत्रातलं भर दुपारचं ऊन, लॉरीचा पत्रा हात भाजेल इतका तापलेला.

"गार लागतंय," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "राहू द्या. पुसू नका."

सयाजी त्या मोसमात रोज पुण्याला जाऊ लागला आणि रोज घरी परत येऊ लागला. पुढल्या चैत्रात तो रबर बघून घ्यायला शेडवर आला. इब्राहिम सवयीनं आधी काचेकडे वळला. ठसे होतेच. तो आत चढून चालवणाऱ्याच्या जागी बसला, आणि बघतच राहिला. गेल्या वर्षी इथून पाहिलं तेव्हा अंगठीचा हात डावीकडे होता, समोर बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा. आता अंगठीची रेघ उजवीकडे होती. इब्राहिमनं आपले दोन्ही हात पुढं करून त्यांवर धरले. उजव्यावर उजवा आला, डाव्यावर डावा. हात आता बाहेरून टेकलेले नव्हते. इथं, या सीटवर बसून कुणीतरी काच आतून थोपवून धरली होती.

"सयाजी," त्यानं खाली उतरत विचारलं, "गाडीत काही... त्रास नाही ना?"

"न्हाई, चाचा. त्रास कसला?" सयाजी म्हणाला, आणि चढून स्टिअरिंगमागे बसला. नेहमीच्या सवयीनं दाराकडे अंग चोरून, सीटवर एका माणसापुरती जागा मोकळी ठेवून.