पांढरी नळी

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मग माझ्याकडे बघू नका. आचऱ्याचा लवू माझ्या चांगल्या ओळखीचा, आणि तो थापा मारणाऱ्यांतला नव्हे. साल दोन हजार सहा. चैत्रातली अमावास्या, गुरुवार, रात्रीचे पावणेनऊ. लवू दिव्याचं तेल आणायला दुकानात गेला होता. त्याची बायको सत्यवती जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी तिच्या फोटोपुढचा दिवा तो विझू देत नसे. घरात दुसरं कोणीच नव्हतं.

त्या माघात त्याच्या स्वादुपिंडाभोवती पाणी साठलं होतं. पोट नुसतं टम्म. गोव्याच्या एका इस्पितळात डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली, जठराला आतून भोक पाडलं आणि त्यात प्लास्टिकच्या दोन बारीक नळ्या बसवल्या, साठलेलं पाणी जठरात उतरावं म्हणून. शेजारच्या खाटेवर कसालचा धोंडू, त्याच दुखण्याचा. लवूच्या नळ्या निळ्या, धोंडूची एकच आणि पांढरी; बसवण्याआधी डॉक्टरांनी दाखवल्या होत्या. "तुका दोन नि माका एक? वशिलो लावलंस काय रे?" असं म्हणून धोंडू हसायचा. सत्यवती गेल्यापासून लवूशी एवढं कोणी बोललं नव्हतं. चैत्र संपायच्या आत नळ्या काढून घ्या, नाहीतर आत पू होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोघांचं ठरलं की लवूने आधी कसालला यायचं आणि तिथून बरोबर जायचं.

आणि लवू गेलाच नाही. पोट उतरलं, मासळी लागली, होडी सोडवेना. आज जाऊ, उद्या जाऊ. बरं वाटलं की डॉक्टर कोणाला आठवतो, तुम्हीच सांगा.

तर तेलाची बाटली घेऊन तो माडांच्या वाटेने परतत होता. वीज गेलेली.

मागून हाक आली. "लवू..."

आपल्याकडे रात्री पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. तिसरी येईपर्यंत गप्प राहायचं, कारण भूत काही तिसरी हाक मारत नाही. लवूला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण रात्री त्याला नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं.

"ओ," तो म्हणाला.

"नळ्यो काढूक जावचा आसा मां?"

आवाज धोंडूचा.

"तू खंयसून इलंस रे?"

शेजारी पावलं वाजत होती. लवू थांबला... पावलं थांबली. तो निघाला... तीही निघाली. बाजूला बघितलं. नुसता काळोख. भ्यायला हवं होतं. त्याला बरं वाटत होतं.

"फाटेच्या पयल्या गाडयेन जा," आवाज म्हणाला.

"तू माझ्या वांगडा येतलंस मां?"

पावलं जवळ आली. मग... अगदी कानाशी...

"येतंय."

घरी येऊन लवूने दिव्यात तेल घातलं, दार उघडं धरलं. "ये रे आत." कोणी आलं नाही.

पहाटेच्या पहिल्या गाडीने तो कसालला गेला. धोंडूच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, माणसं बसलेली. त्याची बायको यशोदा पुढे आली. त्या दिवशी धोंडूचा तेरावा होता.

"ताप इलो," ती म्हणाली. "चार दिसांत सगळा आटापला. नळी तशीच आत रवली. मी सांगी होतंय, जावा, जावा. ते म्हनीत, लवू येतलो, मगे जातलंव."

ज्या पोटात ती नळी होती, ते पोट बारा दिवसांपूर्वी जळून गेलं होतं. तो एकटाच गोव्याच्या गाडीत बसला. शेजारची जागा त्याने शेवटपर्यंत कोणाला दिली नाही.

डॉक्टर तेच होते. दुर्बीण बाहेर काढून ते म्हणाले, "आणखी आठ दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं." मग त्यांनी हातातला कागद वाचला. पुन्हा वाचला.

"तुम्हाला नळ्या किती बसवल्या होत्या?"

घसा बधिर होता. लवूने दोन बोटं दाखवली.

डॉक्टरांनी ट्रे पुढे केला. दोन निळ्या होत्या...

आणि एक पांढरी.