पाचवी खेप

चष्म्याच्या दुकानावरची ती खोली म्हणजे वहिनींची तपास कचेरी. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, भूगोलाचे निवृत्त मास्तर. लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. समजून घ्यायचं काम त्यांच्यावर कुणी सोपवलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी जिना चढून एक वर्दीतले गृहस्थ आले. लष्कराच्या हेलिकॉप्टर तळाचे प्रमुख. पाण्याचा ग्लास हातात तसाच धरून त्यांनी सगळं सांगितलं.

वर्षातल्या सर्वोत्तम उड्डाणासाठी लष्करी हेलिकॉप्टर दलाला एक मानाचा पुरस्कार मिळतो. यंदा पहिल्यांदाच या तळाचं नाव पुढे आलं होतं. महिन्यापूर्वीच्या वादळात बंदरातला क्रेनचा तराफा सुटून खडकावर आदळला. वर तेरा माणसं. तराफा इतका कललेला, की हेलिकॉप्टर उतरवायची सोयच नव्हती. मग ते हवेत एकाच जागी उभं ठेवून, खाली पट्टा सोडून, एकेक माणूस वर घेतला. तेराच्या तेरा जिवंत.

"एकाच जागी? त्या वाऱ्यात?" भाऊजींची पेन्सिल थांबली.

"एक्कावन्न मिनिटं," प्रमुख म्हणाले. "आणि कप्तानाला खालचं काही दिसत नाही, बरं का. दारात एक माणूस पालथा पडतो. तोच दोर सोडतो आणि तोच कप्तानाच्या कानात सांगतो, इतकं पुढे, इतकं डावीकडे. कप्तान त्या आवाजावर उडतो. आम्ही त्याला दोरवाला म्हणतो."

भाऊजींनी मनातल्या मनात हात जोडले. खोटं कशाला सांगा, ते ऐकून कुणीही जोडले असते.

हे सगळं बोलणं ध्वनिफितीवर उतरतं. सोमवारी दुपारी परीक्षकांचं पत्र आलं, की शुक्रवारी फीत ऐकवा. मंगळवारी सकाळी पाहतात तर कपाटातून फीत गायब. कुलूप शाबूत. किल्ली सांभाळण्याची जबाबदारी दोरवाल्याची.

"उद्यापर्यंत फीत मिळाली नाही, तर पुरस्कार गेलाच. पण त्याचं काय एवढं," प्रमुख म्हणाले. "पुरावा दडवला म्हणून दोरवाल्याचं उडणं कायमचं बंद होईल. बावीस वर्षं झाली त्याला. जमिनीवर तो माणूस चार दिवस जगायचा नाही."

किल्ली रात्री कुठे असते, असं वहिनींनी विचारलं. ड्यूटीच्या खोलीत, खिळ्याला, असं उत्तर आलं.

"म्हणजे जबाबदारी त्याची आणि किल्ली खिळ्याची," असं म्हणून वहिनींनी चपला चढवल्या.

तळावर ते हेलिकॉप्टर उभं होतं. जवळून ते भाऊजींना फारच लहान वाटलं. एवढ्याशा दारातून तेरा माणसं आत आली या विचाराने त्यांनी पत्र्याला नुसतं बोट लावून पाहिलं.

समारंभासाठी काचेची एक पेटी सजवली होती. त्यात पट्टा, दोरवाल्याचे जाड हातमोजे आणि उड्डाणाचा अहवाल. डाव्या मोज्याचा तळवा दोर घासून आरपार फाटला होता, उजवा जवळजवळ नवा. अहवालात प्रत्येक खेपेची वेळ होती. पहिल्या चार खेपांना सहा-सहा मिनिटं, पाचवीपासून तेरावीपर्यंत तीन-तीन.

"हात बसला की वेग येतो," भाऊजी म्हणाले.

"चार खेपांत? मग बावीस वर्षं काय करत होता तो?"

दोरवाला उंच, हसरा माणूस. कानामागे टाक्यांची ताजी खूण. चौकशी म्हटल्यावर तो दबला नाही, उलट खुलला. काम कसं चालतं ते त्याने उभ्याउभ्या करून दाखवलं: डाव्या हातात दोराच्या यंत्राची कळ, उजव्यात दोर, जन्माची सवय. उजव्या तळव्याला घट्टे होते, म्हशीच्या शिंगासारखे कडक. पहिल्या चौघांबद्दल तो भरभरून बोलला; कुणाचा बूट सुटला, कोण रडत होतं, सगळं. पुढच्या नऊ जणांचं विचारल्यावर मात्र त्याची गाडी संथ झाली; प्रत्येकाचं एकेक मोजकं वाक्य.

"तेरावा आत घेतला आणि दोराचा आकडा लागला डोक्याला. असं कप्तान सांगतात. तेवढ्यासाठीच तर फीत ऐकायची होती, बाई. दोनदा अर्ज दिलाय मी. देतच नाहीत ऐकायला."

टाके घालताना डॉक्टरांनी कप्तानाला विचारलं होतं, तेव्हा याची शुद्ध हरपली होती का. प्रमुखांनी नियम सांगितला: हवेत एकदा बेशुद्ध पडलेला माणूस पुन्हा उडत नाही. कप्तानाने "नाही" असं लिहून दिलं, म्हणून दोरवाला अजून उडत होता.

सहवैमानिक ही तरुण मुलगी, प्रश्नापेक्षा उत्तर लहान ठेवणारी. पत्र आलं त्याच्या आधीच ती औषधं घेऊन दूरच्या चौकीवर गेली होती आणि परतली बुधवारी. नोंदवहीतही तसंच होतं. बाकी कप्तानांना विचारा, एवढंच ती म्हणाली.

कप्तान अबोल, नम्र गृहस्थ. त्याने हकिगत सांगितली, आणि शेवटच्या नऊ खेपांची वाक्यं भाऊजींना ओळखीची वाटली. वही उलटून पाहिली तर दोरवाल्याने सांगितलेली तीच वाक्यं, त्याच क्रमाने.

"अगदी जुळतंय, वहिनी. दोघंही खरं बोलताहेत."

"भाऊजी, दोन मुलांचे पेपर शब्दाला शब्द जुळले की तुम्ही काय म्हणायचात?"

भाऊजींनी दोन्ही पानांच्या कडेला पेन्सिलीने खूण केली.

दुपारी दोघं बंदरात गेली. क्रेनचालक नवव्या खेपेत वर आला होता. तो म्हणाला, पहिले चौघं भोवऱ्यासारखे गरगरत गेले, ते पाहूनच आमच्या तोंडचं पाणी पळालं. पण आम्ही नंतरचे सरळ वर गेलो. त्याच्या शेजारी इशारेवाली बसली होती. क्रेनचालकाला उंचावरून माल दिसत नाही, खाली उभं राहून त्याच्या कानात सांगायचं हे तिचं काम. सतरा वर्षं करत होती. डबा ती उजव्या हाताने कशीबशी उघडत होती, कारण डाव्या तळव्याला पट्टी होती. कामात लागलं, असं म्हणाली. तुम्ही कितव्या खेपेत वर गेलात, एवढंच वहिनींनी विचारलं.

"चौथ्या," ती म्हणाली आणि डब्यात पाहू लागली.

वहिनी परत निघाल्या.

शुक्रवारी सकाळी प्रमुखांच्या खोलीत सगळे बसले होते. इशारेवालीलाही वहिनींनी बोलावून घेतलं होतं.

"फीत दोरवाल्याने घेतली नाही," वहिनींनी सुरुवात केली. "ज्याला ती ऐकायची आहे, जो त्यासाठी अर्ज देतो, तो ती कशाला लपवेल? सहवैमानिक तळावर नव्हती. किल्ली खिळ्याला, आणि पत्राची बातमी कळलेला, फितीवर काय आहे ते माहीत असलेला एकच माणूस इथे उरतो. कप्तान, फीत तुमच्याकडे आहे."

कप्तानाने मान खाली घातली.

"का घेतली, ते हातमोजा सांगतो. दोरवाला दोर उजव्या हाताने धरतो, आणि फाटलाय डावा मोजा. थकलेला माणूस मंदावतो, इथे पाचव्या खेपेपासून वेग दुप्पट झाला. गरगरणारी माणसं सरळ वर येऊ लागली. म्हणजे पाचव्या खेपेला हात बदलला. आकडा तेराव्या खेपेनंतर लागला नाही, चौथ्यानंतर लागला. दोरवाला कोसळला. पुढचं त्याला आठवत नाही. त्याला जे सांगितलं गेलं तेच तो खरं मानून सांगतो. कप्तान पुढून हात काढू शकत नव्हते, सहवैमानिक त्यांच्याशेजारी वाऱ्याशी झुंजत होती. खाली नऊ माणसं. आणि मागे नुकतीच वर आलेली एक डावखुरी बाई, जिचा पोटापाण्याचा धंदाच आंधळ्या चालकाच्या कानात बोलण्याचा."

कप्तानाने खिशातून फीत काढून टेबलावर ठेवली.

"दोनदा पुसायला घेतली," तो म्हणाला. "हात होईना. वर आलेल्या सगळ्यांना मीच गप्प राहायला विनवलं होतं. पुरस्कार नको असं कळवणार होतो आणि फीत माझ्या हातून हरवली असं सांगून दोष माझ्या अंगावर घेणार होतो. याचं उडणं तेवढं वाचवायचं होतं."

प्रमुखांनी फीत लावली. वाऱ्याचा घोंगावता आवाज. त्यातून दोरवाल्याची हाक, चार खेपा. मग एक धप्प आवाज, आणि कप्तान तीनदा त्याला हाक मारतो. उत्तर नाही. मग बाईचा आवाज आला, बाजारात भाव विचारावा इतका शांत. "मी बोलते. मला खालचं दिसतंय. दोन हात उजवीकडे घ्या. अजून एक. बस. आता हलू नका." आणि कप्तानाचा आवाज: "सांगा बाई."

एवढंच. तिचं नाव विचारायलाही वेळ नव्हता. त्याने त्या अनोळखी आवाजावर सबंध हेलिकॉप्टर टाकलं, आणि तिने नऊ जीव वर आणले. भाऊजींचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. वहिनींनी खिडकीबाहेर पाहिलं. असलं काही माणसं करू शकतात, हे त्यांनाही त्या दिवशी नव्याने कळत होतं.

फीत संपली. दोरवाल्याने ती यंत्रातून काढून प्रमुखांपुढे धरली.

"हीच परीक्षकांना द्या, साहेब," तो म्हणाला.

"दिली तर तू पुन्हा उडणार नाहीस. नियम ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. नव्या पोरांना तो मीच शिकवतो." त्याने इशारेवालीकडे हात केला. "ते नऊ जण माझे नाहीत. यांचे आहेत."

प्रमुखांनी फीत पाकिटात घातली, वर नावं लिहायला घेतली आणि इशारेवालीचं पूर्ण नाव विचारलं. बाहेर परीक्षकांची गाडी येऊन थांबली होती. दोरवाल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"बाई, एक सांगा. बावीस वर्षं माझी माणसं गरगरत आली. तुमची सरळ कशी आली?"

ती संकोचली. मग म्हणाली, "माणूस घाबरला की पाय झाडतो, म्हणून फिरतो. मी तिथेच दोर थांबवायचे. एक श्वासभर. मग तो वर बघायचा. त्याने वर बघितलं, की ओढायचं."

"एक श्वासभर," दोरवाला म्हणाला, आणि भाऊजींच्या हातातली पेन्सिल मागून घेऊन त्याने ते लिहून घेतलं.