ठोक्याला ठोका

जहाजाचं इंजिन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर फार तर ट्रकचं इंजिन येणार. तुमचा दोष नाही, बघायला मिळालंय कुठं? कंटेनर वाहणाऱ्या मोठ्या जहाजाचं डिझेल इंजिन चार मजली घराएवढं असतं. त्याला जिने असतात, कठडे असतात, आणि तळाशी पोटात एकेका पिस्टनखाली एकेक खोली असते. खोलीला दार आहे, उंबरा आहे, फक्त भाडेकरू नाही. निदान आपल्या फिटरची तशी समजूत होती.

या फिटरची बावीस वर्षं त्या पोटात ये-जा करण्यात गेली. डोक्यावर मोजून सात केस, तरी खिशात कंगवा. इंजिन बंद होऊन निवलं की आत शिरून बोल्ट सैल झालेत का बघायचं, हे त्याचं काम. शिरण्याआधी खिसे रिकामे करायचे, कारण साधं पेन आत पडलं तरी इंजिन ते चावायला जातं आणि स्वतःचे दात पाडून घेतं. दुसरं म्हणजे दारात एक माणूस उभा करायचा. आतला बाहेर येईपर्यंत त्यानं जागा सोडायची नाही, लघवीला लागली तरी नाही. आतल्यानं अधूनमधून पान्यानं तीन ठोके द्यायचे, बाहेरच्यानं तीन ठोक्यांनी उत्तर द्यायचं. दोन माणसांचा एकमेकांवर भरवसा, बाकी सगळं लोखंड.

त्या दुपारी जहाज नांगर टाकून उभं होतं. दारात होता फिटरचा मेहुणा, बायकोच्या पाठचा भाऊ. घरी बसून भिंतीचे पोपडे काढायचा, त्याला ऑइलमन म्हणून जहाजावर चिकटवला तो फिटरनंच.

"टाका भावजी इथं," मेहुण्यानं पत्र्याचा डबा पुढं केला. फिटरनं त्यात पेन टाकलं, कंगवा टाकला.

"आधी केस मोजून घे. बाहेर आल्यावर एक जरी कमी भरला तर तुझ्या बहिणीला सांगेन."

"ती म्हणेल, होतेच कुठं."

हसत हसत फिटर वाकून आत गेला.

आत कोमट तेलाचा वास. डोक्यावर हत्तीच्या पाठीएवढं काळं चकचकीत लोखंड टांगलेलं, त्यावरून तेल निथळत होतं. टप्... बराच वेळ काही नाही... टप्. हातातल्या दिव्याच्या उजेडात फिटर एकेक बोल्ट तपासत निघाला. तीन ठोके दिले. तीन आले. थोड्या वेळानं पुन्हा दिले. पुन्हा आले.

तिसऱ्या वेळी त्याच्या ध्यानात आलं, उत्तर दाराकडून येत नाहीये. ते समोरच्या भिंतीतून येतंय. पलीकडच्या खोलीतून. त्या खोलीचं दार तर महिनाभर उघडलेलं नव्हतं.

लोखंड आहे, घुमणारच, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली. पाना खाली ठेवला. ठोके दिलेच नाहीत.

तरी तीन आले.

"अरे... दारात आहेस ना?" त्यानं हळूच विचारलं.

"आहे ना."

आवाज अगदी कानाशी. ओळखीचा होता, पण मेहुण्याचा नव्हता. कुणाचा, ते काही केल्या आठवेना.

फिटर वळला. दाराच्या जागी असलेला उजेडाचा तुकडा बारीक झाला आणि मिटला. बाहेरून नट आवळल्याचा किरकिर आवाज... एक, मग दुसरा. तो दारावर जाऊन आदळला, ओरडला. जाड पत्रा, कोण ऐकणार? मग डोक्यावरचं लोखंड हललं. तपासणी झाली की एक छोटी मोटर लावून इंजिन मुंगीच्या पावलानं फिरवतात, तसं ते फिरू लागलं. झोपेत कूस बदलावी तसा सगळा भार खाली यायला लागला. फिटर कोपऱ्यात पाठ लावून उभा राहिला. पोट आत ओढलं. मघाशी खाली ठेवलेला पाना पायानं ओढून घेतला आणि भिंतीवर तीन-तीन ठोके घालत सुटला.

तो वाचला चीफमुळं. चीफ म्हणजे इंजिनखोलीचा साहेब. स्वभावानं विंचू, पण कान सोन्याचे. इंजिन फिरत असलं की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकत बसायची त्याला सवय. त्याला ठोके ऐकू गेले. मोटर बंद झाली तेव्हा लोखंड आणि फिटरची छाती यांच्यात वीतभर अंतर राहिलं होतं.

दार उघडलं. समोर मेहुणा, तोंडाचा रंग चुन्यासारखा.

"भावजी... तुम्ही तर मघाच बाहेर आलात. डब्यातलं पेन, कंगवा उचललंत. म्हणालात, दार लावून घे, मी वर जाऊन हिला फोन करतो."

"मी?"

"ताईची शपथ."

"तिला विधवा करायला निघाला होतास, आणि शपथ तिचीच घेतोस?"

डबा रिकामा होता. फिटरनं मेहुण्याची खोली उलथीपालथी केली, काही सापडलं नाही. मारलं असतं तर परवडलं असतं, पण तो मारेना, बोलेना. बावीस वर्षांत त्याला इंजिनानं दगा दिला नव्हता, तो दिला घरच्या माणसानं.

संध्याकाळी चीफनं विचारलं, "काय लिहू? तू म्हणत असशील तर नजरचूक लिहितो. पोराची नोकरी राहील."

"लिहा, माणूस बाहेर आला असं खोटं सांगून दार लावलं," फिटर म्हणाला आणि खाली सही केली. एक प्रत घरच्या पत्त्यावर धाडायला लावली, बहिणीलाही कळू दे भाऊ कसा आहे ते.

सकाळी मेहुण्याला होडीतून किनाऱ्यावर सोडलं. शिडी उतरताना तो थांबला.

"भावजी, बाहेर आलात तेव्हा तुम्ही मला माझ्या पूर्ण नावानं हाक मारलीत. तुम्ही कधी मारत नाही. माझं तिथंच चुकलं... मी विचारायला हवं होतं."

फिटरनं तोंड फिरवलं.

पाच दिवसांनी जहाज किनाऱ्याजवळून जात होतं, फोन लागला.

"अगं, मी बोलतोय."

"मी कोण?"

"मी. दुसरं कोण?"

पलीकडून बायको परक्या माणसाशी बोलावं तशी जपून बोलली. "चुकून लागला असेल फोन, दादा. हे तर काल सकाळीच आलेत घरी. आवाज मात्र थेट यांच्यासारखा आहे हो तुमचा."

फिटरनं फोन दोन्ही हातांनी धरला. "तुझा भाऊ... त्याला बोलाव. आधी त्याला घरात घे."

"तुम्हालाही माहितीये का ते? आला होता सकाळी. दारावर डोकं आपटत होता, ताई बाहेर ये, बाहेर ये. पण जहाजावरून कागद आलाय ना, खाली यांची सही आहे. मी कडी काढलीच नाही." तिनं आवाज एकदम खाली आणला. "तुम्ही जहाजावरचेच दिसता. एक विचारू का, हे आत आहेत तोवर? कालपासून चार वेळा अंघोळ केली यांनी. तरी पाण्यावर काळा तवंग येतोच. तिकडून येणाऱ्या सगळ्यांचं असंच होतं का हो?"