खांद्याच्या वर

उद्याच्या सामन्याआधी खेळपट्टी नजरेखालून घालावी, म्हणून क्लबचे चिटणीस एव्हरार्ड लाइल संध्याकाळी केंटमधल्या आपल्या मैदानावर आले. सोबत पंच एमोस टफनेल होता. मेंढ्या गवत खाऊन नुकत्याच गेल्या होत्या; त्यांचा ओलसर वास धुक्यात रेंगाळत होता.

लाइल पैसे न घेता हौसेनं खेळणारे. गोलंदाजाला हात खांद्याच्या वर नेऊ द्यावा, म्हणून वर्षानुवर्षं त्यांनी लंडनच्या बैठकांत डोकेफोड केली. यंदा, १८६४ साली, नियम बदलला, आणि त्याच आठवड्यात म्हातारे पंच हक्सटेबल वारले. लाइलचा हात वर गेला रे गेला की ‘नो-बॉल’ ओरडून या माणसानं जन्मभर जीव नकोसा केला होता. तो मेला, पण त्याचा आवाज मैदानावर अजून येतो, अशी बोंब उठली होती. उद्याचा सामना बिघडला, तर समितीतली जुनी खोडं क्लबात जुनाच नियम परत आणणार होती.

“यष्ट्यांपाशी उभा राहा. टाकून बघतो,” लाइल म्हणाले.

“साहेब, हट्ट कशाला? उद्याचा दिवस खालून टाका की.”

“खालून? मग इतकी वर्षं काय झक मारली?”

ते धावत आले. हात वर गेला.

“नो-बॉल!”

आवाज एमोसच्याच तोंडून आला होता. म्हातारा, घोगरा. एमोस पांढराफटक पडला.

“मी... मी नाही बोललो, साहेब...”

“जा, कुंपणाबाहेर थांब.”

लाइल एकटे उरले. धुकं दाटलं. त्यांनी पुन्हा हात उचलला, आणि तोच घोगरा आवाज त्यांच्या स्वतःच्या घशातून निघाला... “नो-बॉल!”

भीती वाटलीच. पण तिच्याहून संताप मोठा होता. “मेलास तरी हेका सोडला नाहीस होय रे, थेरड्या!” असं म्हणत त्यांनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला आणि चेंडू असा टाकला की मधली यष्टी गिरक्या घेत उडाली. मैदान गप्प राहिलं.

दुसऱ्या दिवशी लाइल तोंडात तो बोळा घेऊनच खेळले. एमोसनंही तोंड बांधून, नुसत्या खुणांवर पंचगिरी केली. लोक पोट धरधरून हसले. पण हात खांद्याच्या वर जात राहिला, गडी बाद होत राहिले, आणि समितीला बोलायला जागाच उरली नाही.

संध्याकाळी एमोसनं लाइलच्या तोंडातला रुमाल उलगडला. त्याची पार चाळण झाली होती. कुणी पुढच्या दातांनी कराकरा चावावा, तशी.

“साहेब... हे...”

“पुढच्या सामन्याला जाड कापड आण,” लाइल म्हणाले. त्यांचे पुढचे दात चेंडू लागून तरुणपणीच पडले होते. त्या रिकाम्या हिरडीवरून त्यांनी हळूच जीभ फिरवली.